वंशावळीत नसलेली दुखणी

आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत बहुधा एक कपाट असे असते, की ज्याची किल्ली देवघरातल्या कोनाड्यात ठेवलेली असते. त्यात इनामाचे जुने कागद, एखाद्या सनदेची नक्कल, दरबारी समारंभाचे पिवळे पडलेले निमंत्रण आणि वंशावळ. गायकवाडांच्या फौजेबरोबर आपला कोणता पूर्वज गुजरातेत उतरला, त्याला कोणत्या गावी वतन मिळाले, मधली एक शाखा ग्वाल्हेरीस कशी गेली, हे सांगताना आमच्या मंडळींचा आवाज आपोआप अर्धा स्वर वर चढतो. आमचे घर त्या मानाने साधे. वडील पोरवयात कलावंत कारखान्यात थोर गवयांच्या मागे तंबोऱ्यावर बसू लागले आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा त्यांना जेमतेम मिसरूड फुटले होते. मी त्यांचे पन्नाशीच्या सुमाराचे अपत्य. जमीनजुमला त्यांनी ठेवला नाही, पण गुरुपरंपरा माझ्याकडून पाठ करून घेतली. कोणती बंदिश कोणाकडून आली, कोण कोणावर रुसला आणि त्यापायी अंतऱ्यातला एक शब्द कसा बदलला, हे मी झोपेतही सांगेन.

गेल्या वर्षी चैत्रात एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या पत्नीला विचारले, "तुमच्या माहेरी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का? आई, मावशी, आजी, आत्या?" ती माझ्याकडे पाहू लागली आणि मी तिच्याकडे. एक आत्या इंदुरास पोटाच्या दुखण्याने गेली, एवढे तिला आठवले. कसले दुखणे? ठाऊक नाही. वय किती होते? पंचेचाळीस असेल, पन्नास असेल. आजी? ती तर फारच लवकर गेली. बाईंनी कागदावर एक प्रश्नचिन्ह काढले आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

त्या प्रश्नचिन्हाविषयी मला लिहायचे आहे. पत्नीला विचारूनच लिहितो आहे. तिने मजकूर वाचून दोन वाक्ये खोडली, बाकीचे राहू दिले.

प्रकरण त्याआधीच्या दिवाळीपासूनचे. फराळाच्या दिवसांत पोट जड होते यात नवल ते काय? पण तुळशीचे लग्न होऊन गेले, मार्गशीर्षातले गुरुवार संपले, तरी तिचे पोट उतरेना. अर्धी भाकरी खाल्ली की पुरे. रात्री दोनदोनदा उठावे लागे. परकराची नाडी ती बोटभर सैल बांधू लागली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले. गुरुवारच्या भजनाला पेटी ती वाजवीत असे; ते तिने पुतणीकडे सोपवले आणि "पाठ भरून येते" असे कारण सांगितले. मी ते मानले. शेजारच्या खोलीत शिष्याचा निषाद केसभर उतरला तरी मी आतून ओरडतो. पण घरातले माणूस पाच महिने बेसूर झालेले मला ऐकू आले नाही. हे मी नम्रतेने सांगत नाही, लाजेने सांगतो.

महाशिवरात्रीनंतर तिने सांगितले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटावर दोन बोटे ठेवली न ठेवली आणि म्हणाले, "बहेन, गॅस छे, बीजुं कंई नथी." गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा गोळ्या बदलल्या आणि "हे वयच असे असते" असा शेरा मिळाला. घरात ओवा, हिंग, इसबगोल यांचा मारा चालूच होता. डॉक्टरांना मी फार दोष देत नाही. त्यांच्याकडे दिवसाला पोट फुगलेली वीस माणसे येत असतील आणि त्यांतल्या वीसांनाही गॅसच असेल. अंडाशयाच्या कर्करोगाची मोठी अडचण हीच आहे, की त्याची लक्षणे कोणाचीही असू शकतात. अंडाशय म्हणजे जुन्या पुस्तकांतला बीजकोश. बदामाएवढे दोन अवयव, ओटीपोटाच्या तळाशी दडलेले. तिथे काही वाढू लागले तर बाहेरून कळत नाही. पोट फुगणे, चार घासांत भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वरचेवर जावे लागणे: यांतले एकही लक्षण असे नाही, की जे ऐकून शेजारीण दचकेल. म्हणूनच बहुतेकींचे निदान रोग पोटात पसरल्यावर होते.

रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. डीएनएच्या रचनेचा उलगडा झाला त्यात तिने घेतलेल्या क्ष-किरण चित्राचा मोठा वाटा होता. १९५६ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात असताना तिला आपला स्कर्ट कमरेला लागेनासा झाल्याचे जाणवले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, अंडाशयाच्या कर्करोगाने ती गेली. वय अवघे सदतीस. ही हकीकत मी वाचली त्या दिवशी नाडीची गोष्ट मला कळलेली होती. पुस्तक मिटून ठेवले आणि त्या संध्याकाळच्या शिकवण्या बंद केल्या.

आता खाड्यांची गोष्ट सांगतो. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असते आणि त्यावर दुधाचे खाडे मांडलेले असतात. दुधवाल्याचा हिशेब माझ्याकडे. फाल्गुनात मी हिशेब केला तो सतरा खाड्यांचा. दुधवाला, बिचारा, म्हणाला, "मास्तर, मी तर दोनच दिवस आलो नव्हतो." मी त्याला कॅलेंडर दाखवले, चढ्या आवाजात बोललो, आणि पंधरा दिवसांचे पैसे कापले. तो डोके हलवीत गेला. पुढे त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पत्नीला विचारले, "महिन्यातून साधारण किती दिवस असे होते?" तेव्हा ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "मागच्या महिन्यात सतरा." पोट दुखले वा फुगले त्या दिवशी ती कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब देत होती. कोणाला सांगायचे नाही, पण विसरायचेही नाही, असा तो मार्ग होता. दुधवाल्याचे पैसे मी दुसऱ्या दिवशी व्याजासह, म्हणजे चहासह, परत केले.

पण त्या सतराच्या आकड्याने बाई खुर्चीत सरसावून बसल्या. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०११ मध्ये सांगून ठेवले आहे, की अशी लक्षणे नव्याने सुरू होऊन महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा होत असतील, विशेषतः बाई पन्नाशीची वा त्यापुढची असेल, तर रक्तातील सीए-१२५ तपासावे आणि ते ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर पोटाची सोनोग्राफी करावी. पन्नाशीनंतर प्रथमच कोणी 'आतड्याच्या तक्रारी' घेऊन आली तरीही हा विचार करावा, असे त्यांत आहे. माझी पत्नी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. तरी बाईंनी दोन्ही तपासण्या सांगितल्या. "पोटात गडबड आहे" या वाक्याने दोन महिने जे झाले नाही, ते एका आकड्याने पाच मिनिटांत झाले.

सोनोग्राफीत डाव्या बाजूला पाच सेंटिमीटरची गाठ दिसली, आत थोडे गढूळ. रक्तातला आकडा ५८. घरी येताना रिक्षात आम्ही दोघेही सुरसागराकडे पाहत होतो, जणू तो पूर्वी कधी पाहिलाच नव्हता.

या आकड्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण आमच्यासारखी माणसे त्याने उगाच मरतात किंवा उगाच निर्धास्त होतात. सीए-१२५ हे रक्तातले द्रव्य १९८१ मध्ये रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम दाखवले. ते कर्करोगात वाढते हे खरे; पण पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, गर्भाशयाच्या साध्या गाठींत, ओटीपोटाच्या सुजेत आणि आपल्या देशात विशेष म्हणजे पोटाच्या क्षयातही ते वाढते. पोटाचा क्षय तर पाणी, गाठी आणि वाढलेला आकडा अशी अंडाशयाच्या कर्करोगाची हुबेहूब नक्कल करतो. उलट, रोग अगदी प्रारंभी असताना जवळजवळ निम्म्या बायकांत हा आकडा वाढलेलाच नसतो. आणि गर्भाशयमुखाची जी 'पॅप' तपासणी होते, तिचा अंडाशयाशी काही संबंध नाही. ती ठीक आली म्हणून निश्चिंत झालेल्या दोन बायका तर मला आमच्याच वाडीत भेटल्या.

बाईंनी सांगितले, आठ आठवड्यांनी पाळीनंतर पुन्हा पाहू. अनेक गाठी आपणहून विरतात. आठ आठवडे! कोणी म्हणेल, त्यात काय, दोन महिने. त्या दोन महिन्यांत माझ्या पत्नीने कपाटे आवरली. हिवाळी गाद्यांच्या खोळी शिवल्या. मुलीला लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाण कागदावर लिहून दिले, तेही 'सहज'. रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात तिचा चेहरा निळा दिसे. ती कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांच्या कहाण्या वाचत असे. आणि मी काय करीत होतो? मी दिवसातून दहादा "काही निघणार नाही, बघ" असे म्हणत होतो. एका रात्री ती म्हणाली, "अहो, तुम्ही 'काही नाही' म्हणता ना, की मला पुढे बोलताच येत नाही. मग मी मोबाईलशी बोलते."

त्यानंतर आम्ही एक गोष्ट सुरू केली. संध्याकाळची शेवटची शिकवणी संपली की अर्धा तास हिंचक्यावर बसायचे. तिला जी भीती वाटेल ती तिने बोलायची. मी उत्तर द्यायचे नाही. डॉक्टरांना विचारण्याजोगे असेल तर वहीत लिहायचे, नसेल तर ऐकून घ्यायचे. पहिले चार दिवस माझी जीभ वळवळत होती. पन्नास वर्षे गाजलेल्या गवयाचा मुलगा मी. गप्प बसून ऐकणे हा आमच्या घरचा गुण नव्हे. पण चालले. जेवणानंतर मोबाईल कपाटात, त्या वंशावळीशेजारी.

तिथूनच आत्याची गोष्ट निघाली. वहीत पहिला प्रश्न तिने लिहिला होता, "आत्या कशाने गेली?" इंदुरास आत्याचे धाकटे दीर हयात आहेत, शहाऐंशी वर्षांचे. तिने त्यांना दूरध्वनी केला. प्रथम ते म्हणाले, "जलोदर झाला होता गं." जलोदर! आमच्या जुन्या घरांतल्या किती बायका या एका शब्दाखाली पुरल्या गेल्या आहेत, त्याचा हिशेब नाही. पोटात पाणी झाले, एवढाच त्याचा अर्थ. ते यकृताने होते, हृदयाने होते, क्षयाने होते आणि अंडाशयाच्या कर्करोगानेही होते. तिने पुन्हा विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका म्हणाले, "मुंबईला नेले होते. बीजकोशाचा, असे सांगितले डॉक्टरांनी. १९८८ साल. दोन मुलींची लग्ने व्हायची होती, म्हणून कोणाला बोललो नाही." त्या दोन्ही मुलींची लग्ने होऊन आता त्यांची मुले लग्नाला आली आहेत. त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

मी काकांना दोष देणार नाही. १९८८ मध्ये त्यांच्या घरात दुसरा निर्णय झाला नसता. आमच्याही घरात झाला नसता. त्या वेळी सांगून फारसा उपयोगही नव्हता, कारण हा रोग काही घरांत रक्तातून उतरतो याचा ठोस पुरावा हाती आला तो पुढे. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये सापडले आणि बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी. साधारण स्त्रीला जन्मभरात अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका शंभरांत एकाहून किंचित अधिक. बीआरसीए-१ बिघडलेले असेल तर तो शंभरांत चाळिसाच्या आसपास जातो. आणि हे बिघडलेले जनुक बापाकडूनही येते. माझ्या पत्नीचा बाप हा त्या आत्याचा सख्खा भाऊ. 'आईकडे कोणाला नव्हते ना, मग झाले' असे म्हणून आपण जो निःश्वास टाकतो, तो अर्ध्याच वंशावळीवर टाकतो.

तेव्हाचे मौन समजू शकते. आजचे मौन समजू शकत नाही. आज ज्या बाईच्या घरी हे जनुक आहे तिला ते रक्ताच्या तपासणीने कळू शकते, आणि मुलेबाळे झाल्यावर योग्य वयात अंडाशय व बीजवाहिन्या काढून घेऊन धोका पुष्कळ खाली आणता येतो. पण ती तपासणी सुचवायला डॉक्टरांना आधी कोणी तरी सांगावे लागते, की आमची आत्या अमुक वर्षी अमुक रोगाने गेली. आपण त्यांना सांगतो ती इनामाची गावे.

हे लिहिताना मला आमच्या शहराचा अभिमान आठवतो आणि थोडे हसूही येते. १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींसकट. १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा अध्यक्षस्थानी महाराणी चिमणाबाई होत्या. त्या राज्यात शिकलेल्या आज्यांच्या नाती आम्हाला पदवीधर मिळाल्या; पण ओटीपोटातल्या अवयवाचे नाव सासरच्या माणसांसमोर उच्चारायचे म्हटले की तीच पदवीधर नात "पोटात गडबड आहे" म्हणते. मनीषा कोइराला या नटीने २०१२ मध्ये तिला हाच रोग झाल्यावर ते उघडपणे सांगितले आणि पुढे २०१८ मध्ये पुस्तकही लिहिले. आमच्या घरी सासूबाईंनी ते ऐकून म्हटले, "तिचे ठीक आहे, तिला कोणाच्या मुलीचे लग्न जमवायचे नाही." सासूबाई चुकीचे बोलल्या नाहीत. स्थळ मोडण्याची भीती खरी आहे आणि ती भीती घालणारे आपणच आहोत. दुसऱ्याच्या घरची अशी बातमी कळताच आपण काय करतो, ते ज्याने त्याने आठवावे.

दुसऱ्या टोकाची माणसेही आता दिसू लागली आहेत. वर्षातून एकदा सगळ्या तपासण्यांचे पाकीट विकत घ्यायचे, त्यात हाही आकडा. त्यांनाही मी हात जोडतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला आणि त्यांतल्या साधारण निम्म्या जणींवर, काहीही तक्रार नसताना, हीच रक्त-तपासणी किंवा सोनोग्राफी वर्षानुवर्षे करून पाहिली. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आला, की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा धडधाकट बाईला दरवर्षी आकड्याच्या धाकात ठेवण्यात अर्थ नाही. जिला लक्षणे आहेत तिचे ऐकावे, आणि जिच्या घरात रोग आहे तिला सांगावे, एवढेच मागणे आहे. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे सत्तेचाळीस हजार बायकांना हा रोग झाल्याचा अंदाज आहे. स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांच्या खालोखाल हाच.

आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठ विरली होती. आकडा २४. आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, तीही स्वच्छ. बाई म्हणाल्या, "कॅन्सर दिसत नाही. दुखते कशाने, ते मला आज सांगता येत नाही. सहा महिन्यांनी या, आणि खुणा करीत राहा." आम्ही पेढे वाटले नाहीत. पेढे कशाचे वाटायचे? दुखणे अर्धेअधिक कमी झाले आहे, पण आहे. आणि त्याला नाव नाही. पत्नी म्हणते, नाव नसलेल्या दुखण्याबरोबर राहता येते, पण सगळ्यांनी "मग काहीच नव्हते" म्हणू लागणे तिला सोसत नाही. म्हणून हिंचक्यावरचा अर्धा तास आम्ही बंद केलेला नाही.

आत्याच्या मुलींना सांगायचे कोणी, यावर घरात आठवडाभर वाद झाला. सासूबाई म्हणत होत्या, झाकलेले झाकलेले राहू दे. शेवटी पत्नीनेच दूरध्वनी केला. थोरली फार रागावली. "आईबद्दल असे काही बोलू नकोस" म्हणून तिने संभाषण तोडले आणि दिवाळीचा फोनही केला नाही. धाकटी बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "आई गेली तेव्हा तिचे वय नेमके किती होते?" काकांनी जुने कागद शोधून सांगितले, सत्तेचाळीस. धाकटी स्वतः एकोणपन्नासची. तिने इंदुरास जनुकांविषयी सल्ला देणाऱ्या डॉक्टरांची भेट घेतली आणि गेल्या पंधरवड्यात रक्त दिले. अहवाल यायचा आहे. तिच्या अहवालावर माझ्या पत्नीचे, आणि त्यामागून आमच्या मुलीचे काय करायचे, ते ठरेल.

कपाटातली वंशावळ मी खाली काढली. माझ्या घरच्या कागदावर बायकांना जागाच नव्हती. पुरुषांच्या नावापुढे 'भार्या' आणि एक अक्षर. समासात मी पेन्सिलीने लिहू लागलो आहे: आजी, क्षय, मोठी काकू, हृदय, आत्या, ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' फार वेळा लिहावे लागते. पत्नीने तिच्या माहेरची वही वेगळी केली आहे आणि तीत पहिली नोंद आहे, 'आत्या, अंडाशयाचा कर्करोग, १९८८, वय ४७.'

या महिन्यात कॅलेंडरवर सहा टिंबे आहेत. दुधाचे खाडे मी आता वेगळ्या कागदावर लिहितो.